जंगलाचे कारभारी

पांढरकवड्याच्या आमच्या घरात बांबूची जी जी वस्तू होती, ती एकाच हातची होती. धान्य पाखडायचं सूप, शेणाची पाटी, कोंबड्या डालायचं डालगं, कापसाच्या बंडीला लावायचे ताटवे, आणि आजी भाकरी झाकून ठेवायची ती दुरडी. तो हात नाईकआज्याचा. आमच्या रक्ताचा तो कुणी नव्हता. टिपेश्वरच्या जंगलाला लागून असलेल्या एका कोलाम पोडाचा तो नाईक. आबाजींचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, वावर सुन्न्याकडे जाताना त्या पोडाच्या वाटेवर लागायचं, म्हणून ओळख झाली, आणि पुढे ती ओळख सोयरिकीपेक्षा घट्ट झाली. आबाजी त्याला ‘नाईक’ म्हणत, तो आबाजींना ‘भाऊ’ म्हणे आणि आम्ही घरातले सगळे पोट्टेपोट्टी त्याला नाईकआजा म्हणत असू. पोडाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याची नातवंडं, पतवंडं अजून तिथे नांदतात.

हे साठ-सत्तरच्या दशकातलं. यातलं किती मी डोळ्यांनी पाहिलं आणि किती आजीच्या तोंडून ऐकून ऐकून पाहिल्यासारखं झालं, ते आता वेगळं काढता येत नाही. आजीलाही सगळं नीट आठवत असेल असं नाही. ती एकच गोष्ट दोन वेळा सांगायची आणि दोन्ही वेळा त्यातला महिना बदललेला असायचा.

बाजाराच्या दिवशी नाईकआजा टोपल्यांची कावड घेऊन यायचा. बाजारात बसण्याआधी आमच्या अंगणात. आजी त्याला गुळाचा चहा द्यायची आणि मग ज्वारीच्या कण्या, वर अंबाडीची भाजी, तेलाची धार. तो सावकाश जेवायचा. पहिला घास पळसाच्या पानाच्या तुकड्यावर बाजूला काढून ठेवायचा. आम्ही विचारलं तर म्हणायचा, “तो जंगलातल्याईचा.” जंगलातल्यांचा म्हणजे देवाचा, वाडवडिलांचा, की वाघाचा, हे आम्ही कधी खोदून विचारलं नाही. तेव्हा सगळं एकच वाटायचं, आणि मला वाटतं त्यालाही ते एकच वाटत असावं.

रिकाम्या हातानं तो कधी आला नाही. चैत्रात चारं, उन्हाळ्यात टेंभरं, पावसाळ्यात काटवलं आणि बांबूचे कोवळे वास्ते, कधी पळसाच्या पानात बांधलेला डिंक. आजी वास्त्यांची भाजी करायची ती मला अजून कुठे मिळालेली नाही. दोनदा उकडून, पाणी टाकून, मग चण्याची डाळ आणि भरपूर लसूण. घरातल्यांना तिचा वास सोसायचा नाही, भाजी मात्र पुरायची नाही.

कोलाम म्हणजे कोण, हे विदर्भाबाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकार ‘आदिम’ म्हणून वेगळं मोजतं, त्या कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. राज्यातले बहुतेक कोलाम आमच्या यवतमाळ जिल्ह्यात. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या पट्ट्यात. त्यांची भाषा कोलामी, द्राविडी कुळातली. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. पोडाच्या मधोमध चावडी. तंटा असो, लग्न असो, की पेरणीआधीची पूजा, सगळं चावडीत बसून ठरायचं. पोडाचा नाईक, महाजन, कारभारी, घट्या, प्रत्येकाचं काम ठरलेलं. शेजारचे गोंडसुद्धा गावच्या जागेच्या देवाची पूजा करायची तर कोलाम पुजाऱ्याला बोलावायचे, कारण या जंगलात आधी आले ते कोलाम, आणि इथले देव त्यांचं आधी ऐकतात असा विश्वास. शेजाऱ्याच्या ज्येष्ठपणाला एवढा मान देणारी माणसं मी दुसरीकडे फार पाहिलेली नाहीत.

नाईकआज्याला टोपलं विणताना बघणं हा आमचा उद्योग. आधी तो बांबू पाण्यात भिजवायचा. मग कोयत्यानं एका टोकाला चीर द्यायचा आणि पायाच्या अंगठ्यात धरून असा ओढायचा की कांडं फुटत फुटत शेवटपर्यंत सरळ जायचं. पाठीच्या हिरव्या भागाच्या कमच्या वेगळ्या, आतल्या पांढऱ्या भागाच्या वेगळ्या. हिरव्या कमच्या टोपल्याच्या बुडाला आणि काठाला, कारण झीज तिथे. पांढऱ्या मधल्या पोटाला. बूड विणून होईपर्यंत तो बोलायचा नाही. बूड बसलं की मग गप्पा. माझ्या थोरल्या भावानं एकदा विचारलं, जंगलात एवढा बांबू उभा आहे, एकदाच सगळा तोडून का आणत नाहीस? तो म्हणाला, “कवळा कापला त पुढच्या साली सूप कायचं करशीन? रांजीतला म्हातारा बांबू काढाचा, पोरगा ठेवाचा.” वनशास्त्राच्या पुस्तकात बांबू तोडणीचा जो नियम पुढे मी वाचला तो हाच होता: एक-दोन वर्षांचे कोवळे बांबू राखायचे, पक्के काढायचे.

असे नियम पोडात पुष्कळ होते. मोहाची, आंब्याची पहिली पूजा झाल्याशिवाय नवं तोंडात घालायचं नाही. म्हणजे फळ पिकून बी तयार होईस्तोवर झाडाला कुणी हात लावत नसे. वास्ते काढायचे ते एका रांजीतले, म्हणजे बांबूच्या बेटातले, सगळे नाहीत. पाणवठ्यावर संध्याकाळ झाली की माणसानं थांबायचं नाही, ती वेळ दुसऱ्यांची. आणि पोडाच्या शिवेवर शेंदूर लावलेला वाघदेवाचा दगड. त्याच्यापुढे नारळ फोडल्याशिवाय गुरं जंगलात सोडायची नाहीत. देवाच्या नावानं सांगितलेलं म्हणून त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणारे पुष्कळ भेटले. मला त्यात जंगलाचा हिशेब दिसतो.

आता जरा मागे जाते, कारण या माणसांचं जंगल त्यांच्या हातून कसं गेलं ते समजल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आबाजींचे वडील आमच्या जिल्ह्याला ‘वणी जिल्हा’ म्हणत. यवतमाळ हे नाव १९०५ साली पडलं. त्याआधी हा वऱ्हाडातला वणी जिल्हा. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे गेला. पुढे अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि आमच्या काळ्या मातीला सोन्याचं मोल आलं. जंगल सरकत सरकत वावरं झाली, आणि उरलं ते सरकारनं ‘राखीव’ केलं. पणजोबांच्या तोंडी एक वाक्य होतं म्हणे, की कापसानं आपल्याला पक्कं घर दिलं आणि कोलामाचं कुडाचं घर नेलं. हे वाक्य खरोखर त्यांचं की आबाजींनी त्यांच्या नावावर घातलेलं, कोण जाणे. खरं आहे मात्र.

राखीव झाल्यावर गवताची काडी आणि बांबूची कमची सरकारची झाली. साहेबांची शिकार असली की हाका घालायला याच पोडांतली माणसं न्यायची, आणि त्याच माणसांनी सरपणाची मोळी आणली की दंड. १९३० साली गांधीजींनी मीठ उचललं. आमच्याकडे समुद्र कुठला? आम्ही गवत कापलं. लोकनायक बापूजी अणे यांनी जुलै महिन्यात पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. आबाजी तेव्हा विशीच्या आतले. पुसदला आपण गेलो होतो असं ते सांगत. आजी म्हणे, कुठले जातात, वणीपर्यंत गेले आणि ताप आला म्हणून परतले. खरं कोणाचं ते देव जाणे. पण त्या वर्षी रानातली माणसं आणि गावातली माणसं एका बाजूला उभी होती, हे दोघंही एकाच आवाजात सांगत.

पैनगंगेपल्याड निजामाचं राज्य. नाईकआज्याची बहीण तिकडे आदिलाबादकडे दिलेली. तिकडच्या बातम्या टोपल्यांबरोबर यायच्या. कुमरम भीम नावाच्या गोंड तरुणानं जंगल आणि जमिनीसाठी निजामाशी झुंज दिली आणि १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात तो मारला गेला. तेव्हा निजाम सरकारला प्रश्न पडला की ही शांत माणसं उठली का? ते शोधायला त्यांनी ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. त्यानं तिथल्या गोंड-कोलामांबद्दल जे लिहिलं त्यात राखीव जंगलाच्या नावाखाली उठवलेल्या वस्त्यांचीच हकिगत आहे. नाईकआज्यानं कुमरम भीमाला पाहिलेलं नव्हतं. तरी त्याचं नाव घेताना हातातली कमची खाली ठेवायचा.

मी दहा-अकरा वर्षांची असेन, तेव्हाची एक सकाळ मात्र माझी स्वतःची आहे. देशातली पहिली व्याघ्रगणना १९७२ ची; ही सकाळ त्या सुमाराची. आबाजींबरोबर वावरात गेले होते. नाल्याच्या ओल्या वाळूत खाकी कपड्यातला एक वनरक्षक ठशावर काचेचं तावदान धरून त्याची बाह्यरेषा पेननं उतरवत होता. पलीकडे नाईकआजा उकिडवा बसलेला. काच उचलली गेल्यावर तो पुढे झाला. ठशाच्या कडेला त्यानं बोट लावलं नाही, नुसतं जवळ नेलं. मला म्हणाला, बघ, बाजूच्या वाळूवर दवाचे बारीक टिपके आहेत, ठशाच्या आत नाहीत. म्हणजे दव पडून गेल्यावर पाय पडला, पहाटेचा. कड अजून ढासळलेली नाही, म्हणजे ऊन लागायच्या आधीचा. ठसा लांबट आहे, चौकोनी नाही, म्हणून मादी. आणि चार पावलं पुढे जाऊन एका ठिकाणी थांबला. तिथे मागच्या पायाचा एक ठसा जरा तिरका उमटला होता. “हे लंगडते. माथनीच्या नाल्यात होती ना, तेच. आता इकडे आली.” वनरक्षकानं ते वहीत लिहून घेतलं, मला स्पष्ट आठवतं. जाताना त्यानं नाईकआज्याला रामराम घातला. दोघांनाही एकमेकांची गरज होती, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

त्याच १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत आमच्या विदर्भातलं मेळघाट होतं. शिकार थांबली, हे फार मोठं काम झालं. ते झालं नसतं तर आज वाघ चित्रात उरला असता. पण कायद्याच्या नजरेला बंदूकवाला साहेब आणि मोळीवाली बाई यांतला फरक फारसा दिसला नाही. १९९७ साली टिपेश्वरला अभयारण्य झालं, १४८.६३ चौरस किलोमीटरचं. टिपाई देवीवरून ज्या गावाचं आणि जंगलाचं नाव पडलं ते टिपेश्वर गाव, आणि आतलं मारेगाव (तालुक्याचं नव्हे), पुढे बाहेर वसवली गेली. बाहेर रस्ता आला, वीज आली, शाळा जवळ आली, हेही खरंच. पण पोडावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या पायवाटा तुटल्या. अभयारण्य झालं तेव्हा नाईकआजा फार थकला होता. शेवटची काही वर्षं त्याच्या टोपल्या लहान लहान होत गेल्या, कारण बांबू मिळेल तेवढ्याचीच टोपली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला तो गेला. त्याच्याबरोबर काय काय गेलं याची मोजदाद कुणी केली नाही.

वाघ मात्र वाढले. टिपेश्वर लहान आहे, पण पाणी आहे, चितळ-सांबर आहेत, रोही आहेत. वाघिणींनी पिल्लं वाढवली, आणि वाढलेल्या पिल्लांना जागा पुरेना. राज्यात २०१८ च्या गणनेत ३१२ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ४४४. त्यांना अभयारण्याची सीमा कोण समजावणार? २०१९ च्या फेब्रुवारीत टिपेश्वरमधल्या एका तरुण नराला रेडिओ कॉलर लावली होती. जूनमध्ये तो निघाला. आदिलाबादकडे गेला, परत फिरला, नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला असं करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर तेराशे किलोमीटर झाले होते, आणि पुढचं हिंडणं धरून एकूण तीन हजारांवर गेले. सगळं जग त्याला ‘वॉकर’ म्हणून ओळखू लागलं. २०२४ च्या अखेरीला टिपेश्वरचाच आणखी एक वाघ थेट धाराशिवच्या येडशी-रामलिंग अभयारण्यात दिसला. वॉकरनं जी जिल्हेच्या जिल्हे वाट तुडवली, ती बहुतेक लोकांच्या तुरीतून, कपाशीतून, नाल्यांच्या कडेनं. त्यानं कुणाचा जीव घेतला नाही आणि कुणी त्याचा घेतला नाही. मला हे वाचून नाईकआज्याचं बोलणं आठवलं. तो म्हणायचा, “जनावर आपल्या वाटेवर येत नाई, भाऊ. आपुनच त्याच्या वाटेवर वावरं काढली.”

पण प्रत्येक वाट अशी सुखरूप जात नाही, हे आमच्या पांढरकवड्याइतकं कुणाला ठाऊक?

२०१६ च्या जूनमध्ये राळेगाव तालुक्यात बोराटीच्या शिवारात एका बाईचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पुढच्या दोन वर्षांत त्या पट्ट्यात तेरा माणसं गेली, आणि त्यातले बहुतेक हल्ले टी-१ या वाघिणीच्या नावावर लिहिले गेले. बाहेरच्या जगानं तिला ‘अवनी’ म्हटलं. गेलेली माणसं शेतकरी आणि गुराखी होती. बोराटी, सराटी, लोणी या भागात पोरं शाळेत जाईनात, गुरं गोठ्यात हंबरत राहिली, कपाशी फुटून बोंडातून लोंबू लागली तरी वेचायला बाया मिळेनात. रात्रीची जागल बंद, म्हणून रानडुकरांनी पीक लोळवलं. माझा चुलतभाऊ तिकडे शेती करतो. त्याच्या फोनवरच्या आवाजात मी जी भीती ऐकली ती शहरात बसून वाघावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकानं एकदा ऐकायला हवी.

तिला पकडायला काय नाही आणलं? कॅमेरे, ड्रोन, पॅराग्लायडर, इटालियन जातीचे कुत्रे, परदेशी अत्तर, हत्ती. त्यातला एक हत्ती बिथरला आणि एका बाईचा जीव गेला. वाघीण रायमुनियाच्या जाळ्यांत (शहरात तिला घाणेरी म्हणतात) आणि नाल्यांच्या खोबणीत दडायची. वनविभागाच्या पथकांबरोबर गावोगावची पोरं रोज पायी गस्त घालत होती. त्यांत नाईकआज्याचा एक नातूही होता. तो मला पुढे म्हणाला, “ताई, आमाले ठसे दिसत. पन ठसा दिसला की तिथून वर सांगाचं, मंग वरून आदेश याचा. तवर ते कोस-दीड कोस गेलेली असे.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. काम कसं चालतं ते तो सांगत होता.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. मागे दहा महिन्यांची दोन पिल्लं. देशभर वाद पेटला. आमच्या गावांत कुठे फटाके वाजले, आणि ज्यांनी ते वाजवले त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण पोडावरची एक म्हातारी, नाईकआज्याची धाकटी भावजय, त्या आठवड्यात मला भेटली तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, “लेकरं काय खात असतीन?” दोन वर्षं घराबाहेर पडायला भ्यालेली बाई. तिची भीती खरी होती आणि ही काळजीही खरी होती.

मी तेव्हापासून एकच गोष्ट घोकते आहे. वाघ ज्यांच्या दारावरून जातो, त्यांना विचारून वाघाची राखण व्हायला हवी.

हे काही माझ्या भाबड्या मनाचं स्वप्न नाही. कायद्यात ते लिहिलेलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला आपलं सामूहिक जंगल राखण्याचा, तिथल्या वन्यजीवांचं रक्षण करण्याचा हक्क दिला. बांबूला गौण वनउपज म्हटलं. कोलामांसारख्या आदिम जमातींसाठी तर त्यात निवासस्थान हक्काची वेगळी तरतूद आहे, म्हणजे घर-वावरापुरतं नव्हे, तर त्यांच्या देवांचं, पायवाटांचं, जगण्याचं सारं क्षेत्र त्यांचं म्हणून मान्य करायचं. मध्य प्रदेशात दिंडोरीच्या बैगांना तो हक्क देशात सर्वांत आधी मिळाला. आमच्या विदर्भातच, गडचिरोलीच्या मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यांनी आपला बांबू आपण विकून दाखवला. अमरावतीच्या पायविहीरनं उजाड झालेलं रान पुन्हा उभं केलं आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळवला.

दूर बघायचं तर कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरातले सोलिगा. २०११ मध्ये त्यांचे हक्क व्याघ्र प्रकल्पाच्या आतच मान्य झाले. माणसं राहिली तर वाघ जातील असं म्हणणाऱ्यांना तिथल्या वाघांनी उत्तर दिलं: पुढच्या गणनेत ते वाढलेले निघाले. अरुणाचलात पक्केच्या जंगलाशेजारी न्यिशी लोक एके काळी धनेशाची शिकार करत. तेच आता त्याच्या घरट्यांची राखण करतात आणि त्या राखणीचा मोबदला घेतात. ज्याला पक्ष्याचं घरटं कुठल्या झाडावर ते माहीत आहे, त्याच्याहून चांगला राखणदार कुठून आणणार?

आमच्याकडेही सुरुवात झालेली आहे, ती नाकारायची नाही. राज्यानं २०१५ मध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आणली. त्यातून जंगलालगतच्या गावांत गॅस आले, कुंपणं आली. टिपेश्वरच्या सुन्ना, माथनी या फाटकांवर आजूबाजूच्या गावांतली पोरं गाईड म्हणून उभी राहतात. नाईकआज्याचा तो नातू त्यांतलाच. पर्यटकांना वानराची हाळी ऐकवतो, चितळाच्या ओरडण्यातून वाघ कुठे चाललाय ते सांगतो. मला त्याचा फार अभिमान वाटतो. पण गाईड हा पर्यटकांचा चाकर आहे, जंगलाचा कारभारी नाही. कुठला पाणवठा खोल करायचा, जाळरेषा कुठून न्यायची, गुरं कुठल्या महिन्यात कुठल्या बाजूला चारायची, हे ठरवताना तो तिथे नसतो.

आणि त्याला सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मोहाच्या दिवसांत बाया पहाटे फुलं वेचायला जातात. पाचोळ्यात फुलं दिसत नाहीत म्हणून कुणी पाचोळ्याला काडी लावतं, आणि एप्रिलच्या वाऱ्यात आग हातची जाते. पोडावरच्या म्हाताऱ्या झाडाखालची जागा आदल्या दिवशी झाडून ठेवायच्या, जाळायच्या नाहीत. ते पुन्हा शिकवायला म्हाताऱ्या बोलवा, त्यांना त्याची मजुरी द्या. डुकरांसाठी लावलेला तारेचा फास वाघाच्या गळ्यात अडकतो, कुंपणात सोडलेली वीज वाघाला मारते. फास कुणी लावला, वीज कुणी सोडली, हे गावाला कळतं, आणि गावानं मनावर घेतलं तर थांबतं. नाईकआजा शिकवायचा की वावरात, झुडपात एकट्यानं वाकून बसू नये: “वाकलेला मानूस त्याले मानूस दिसत नाई. त्याले वाटते, काई तरी चार पायाचं हाय.” आज हीच गोष्ट वाघतज्ज्ञ व्याख्यानात सांगतात. ती पोडाच्या शाळेत पोडातल्या माणसानं, कोलामीतून सांगितली तर पोरं जन्मभर विसरणार नाहीत.

कॅमेऱ्याच्या विरुद्ध मी नाही. पट्ट्यांवरून वाघ ओळखणारा कॅमेरा ठशांपेक्षा खरी मोजणी देतो, आणि ठशांच्या जमान्यात आकडे चुकत होते हे मान्यच केलं पाहिजे. पण लंगडणारी वाघीण माथनीहून इकडे का आली, कुठल्या नाल्यातलं पाणी आटलं, कुणाची गुरं या वर्षी आत गेली, हे सांगायला तिथे जन्मलेला माणूस लागतो. दोन्ही एकत्र हवीत, वाळूतल्या त्या सकाळी वनरक्षक आणि नाईकआजा होते तशी.

आमच्या त्या पोडात अजून चावडी आहे. नाईक आहे, महाजन आहे. ग्रामसभेत बसून त्यांनी आपल्या सामूहिक जंगलाचा दावा भरावा म्हणून नाईकआज्याचा नातू रात्री जेवणं झाल्यावर घरोघर फिरतो, म्हाताऱ्यांना विचारून कुठलं पाणी, कुठली देवाची जागा, कुठली मोहाची झाडं ते कागदावर उतरवतो. मी मधून मधून जाते, त्याचे मराठी अर्ज लिहिण्याचं काम करते. कागद ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे जातो, त्रुटी निघतात, परत येतो, पुन्हा लिहितो. हे काम संथ आहे आणि ते आम्ही सोडणार नाही.

माझं मागणं मोठं नाही. टिपेश्वरच्या जंगलाचा पुढचा आराखडा जेव्हा केव्हा लिहिला जाईल, तेव्हा त्याची बैठक आधी पोडाच्या चावडीत व्हावी. नाईकानं बोलावं, म्हाताऱ्या बायांनी बोलावं, आणि अधिकाऱ्यांनी ते वहीत लिहून घ्यावं. त्या आराखड्यावर वनाधिकाऱ्याच्या सहीशेजारी पोडाच्या नाईकाची सही असावी. या जंगलाचे कारभारी ते आधीपासून आहेतच. आता कागदावरही असू देत.